दोन आकड्यांचा गुणाकार

अमेरिकेत १०९८-टी नावाचा एक फॉर्म आहे. फी भरणाऱ्या विद्यार्थ्याची माहिती कॉलेजने त्यावर भरून आयकर खात्याला कळवायची: त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक, फीची रक्कम, स्कॉलरशिपची रक्कम. शिक्षणाच्या खर्चावर करात सवलत मिळते, ती कुणी खोटी लाटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. इतका रुक्ष कागद शोधून सापडायचा नाही. या कॉलेजात मुलाला घातलं तर पुढे त्याचं भलं होईल का, हा दर जूनमध्ये आपल्याकडेही घराघरात विचारला जाणारा प्रश्न. त्याचं आजवरचं सर्वांत नेमकं उत्तर अशाच फॉर्मांच्या ढिगाऱ्यातून निघालं आहे.

ते निघालं कसं, हे ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतले आईवडील आपलं विवरणपत्र भरताना पदरी असलेल्या मुलांचे क्रमांक त्यात लिहितात. म्हणजे मूल कोणत्या घरात वाढलं आणि त्या घराची मिळकत किती होती, हे एका कागदावर आलं. तेच मूल कॉलेजात गेलं की कॉलेज त्याच्या नावाने १०९८-टी पाठवतं; ज्यांना फीच भरावी लागत नाही अशा गरीब मुलांची नोंद केंद्र सरकारच्या पेल ग्रँटच्या दप्तरात सापडते. हा दुसरा कागद. तिशी ओलांडली की ते मूल स्वतःचं विवरणपत्र भरतं, हा तिसरा. निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या कारणांसाठी भरलेले तीन कागद, पण तिन्हींवरचा क्रमांक एकच. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन, इमॅन्युएल साएझ, निकोलस टर्नर आणि डॅनी यागन या अर्थशास्त्रज्ञांनी नावगाव काढून टाकलेल्या या नोंदी एकमेकींना जोडल्या. १९९९ ते २०१३ या काळात कॉलेजात गेलेले तीन कोटींहून जास्त विद्यार्थी त्यात आले! २०१७ साली हे काम प्रसिद्ध झालं आणि अमेरिकेतल्या बहुतेक प्रत्येक कॉलेजबद्दल सांगता येऊ लागलं की तिथे कोणत्या घरांतली मुलं आत जातात आणि पुढे कुठवर पोचतात.

त्यांची रीत शाळेतल्या गणिताइतकी सोपी आहे, आणि मला तिचं खरं कौतुक वाटतं ते त्यासाठीच. देशातली सगळी कुटुंबं मिळकतीप्रमाणे ओळीने लावा आणि त्यांच्या पाच समान पायऱ्या पाडा. आता एखाद्या कॉलेजकडे बघा. तिथल्या शंभर विद्यार्थ्यांपैकी किती जण सर्वांत खालच्या पायरीवरच्या घरांतून आले? हा पहिला आकडा. त्या खालून आलेल्यांपैकी शेकडा किती जण बत्तीस ते चौतीस वर्षांच्या वयात आपल्या बरोबरीच्यांमध्ये सर्वांत वरच्या पायरीवर पोचले? हा दुसरा. पहिल्यावरून दार किती उघडं आहे ते कळतं, दुसऱ्यावरून आत गेल्यावर काय घडतं ते. एकेकटा घेतला तर दोन्ही आकडे फसवतात. गरीब मुलांना मुक्त प्रवेश देऊन त्यांना कुठेच न पोचवणारं कॉलेज असू शकतं. मोजक्याच गरीब मुलांना घेऊन त्या सगळ्यांना शिखरावर नेणारंही असू शकतं. म्हणून दोन्हींचा गुणाकार करायचा.

गुणाकारात सर्वांत वर कोण आलं? कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, लॉस एंजेलिस. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड ही नावं ज्यांना पाठ आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलंही नसेल. शहराच्या पूर्व भागातलं, मेक्सिकोतून आणि आशियातून आलेल्या कष्टकरी कुटुंबांच्या मुलांचं हे सरकारी विद्यापीठ. तिथले ३३ टक्के विद्यार्थी सर्वांत खालच्या पायरीवरून आलेले, आणि त्यांतले ३० टक्के सर्वांत वरच्या पायरीवर पोचलेले. गुणाकार ९.९ टक्के. म्हणजे वर्गातल्या दर दहा मुलांमागे एक जण तळातून निघून थेट वरच्या पायरीवर गेलेला असतो.

हा आकडा केवढा मोठा आहे ते कळायला एक कल्पना करा. आईबापांच्या मिळकतीचा मुलांच्या मिळकतीशी काडीचाही संबंध नाही असा एक समाज आहे. तिथल्या प्रत्येक कॉलेजात तळातली मुलं २० टक्के असतील आणि त्यांतली २० टक्के वर जातील. गुणाकार ४ टक्के. अमेरिकेतल्या कॉलेजांची प्रत्यक्ष सरासरी २ टक्क्यांच्याही आत आहे. आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि त्यांच्या तोडीची स्टॅनफर्ड, एमआयटी, शिकागो, ड्यूक मिळून होणाऱ्या बारांची सरासरी २.२ टक्के. या बारांत शिरलेली गरीब मुलं फार मोठ्या प्रमाणात वर पोचतात, यात शंका नाही. पण ती शंभरात जेमतेम चार असतात. तिथे देशातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं १४.५ टक्के, आणि निम्म्या देशाची, म्हणजे मिळकतीने खालच्या अर्ध्या घरांतली सगळी मुलं मिळून १३.५ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की क्षणभर डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

यादीत पहिल्या दहांत न्यूयॉर्कची दोन सरकारी नावं आहेत. लाँग आयलंडवरचं राज्य सरकारचं स्टोनी ब्रूक: तळातून आलेले १६ टक्के, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त थेट वर. दुसरी म्हणजे न्यूयॉर्क शहरातली सिटी युनिव्हर्सिटी. तिच्याकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण खर्च, प्रवेश आणि पुढची कमाई या तिन्ही प्रश्नांवर या एका विद्यापीठाने जितके खरेखुरे प्रयोग केले तितके क्वचितच कुणी केले असतील.

सुरुवात १८४७ सालची. टाउनसेंड हॅरिस हा शहराच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष. पुढे तो जपानमधला अमेरिकेचा पहिला राजनैतिक प्रतिनिधी म्हणून प्रसिद्ध झाला, पण त्याचं मोठं काम मला हेच वाटतं. शहराने आपल्या खर्चाने सर्वसामान्यांच्या मुलांसाठी फुकट उच्च शिक्षणाची सोय करावी, असा आग्रह त्याने धरला. प्रश्न मतदानाला टाकला गेला आणि न्यूयॉर्कच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला. फ्री अकॅडमी उभी राहिली. तीच पुढे सिटी कॉलेज झाली. मुलींसाठी १८७० मध्ये वेगळं कॉलेज निघालं, आजचं हंटर कॉलेज, तेही फुकट; अशाच कॉलेजांची मिळून पुढे सिटी युनिव्हर्सिटी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिटी कॉलेज हार्लेममधल्या टेकडीवर गेलं. तिथल्या गॉथिक घाटाच्या इमारतींचा काळपट दगड मॅनहॅटनच्याच पोटातला आहे. त्या वेळी शहरात भुयारी रेल्वेचं खोदकाम चालू होतं, त्यातून निघालेला अभ्रकमिश्रित शिस्ट दगड भिंतींना वापरला आणि कडांना पांढरं टेराकोटा लावलं. रेल्वेच्या खड्ड्यातून निघालेल्या दगडाचं गरिबांसाठी कॉलेज बांधलं गेलं, हे वाचून मी बराच वेळ त्या इमारतींचे फोटो बघत बसलो होतो. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा तिथून उत्तरेला मैलभरावर हे बिनफीचं कॉलेज भरत होतं.

या कॉलेजातून कोण निघालं? पोलिओची लस शोधणारा जोनास साल्क, १९३४ चा. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारा केनेथ ॲरो, १९४० चा. हंगेरीतून निर्वासित म्हणून आलेला आणि पुढे इंटेल नावारूपाला आणणारा अँडी ग्रोव्ह, १९६० चा. सिटी कॉलेजचे दहा माजी विद्यार्थी नोबेलपर्यंत पोचले. शिंप्याच्या, कारकुनाच्या, घोडागाडीवाल्याच्या मुलांना एक पैसा न घेता शिकवत राहिलं तर काय होतं, याचा हा पुरावा.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली, दिवाळं निघायची वेळ आली, आणि १९७६ पासून फी सुरू झाली. १२९ वर्षांनी. मला हा त्या शहराच्या इतिहासातला फार दुःखाचा दिवस वाटतो.

तरी आजची फी नीट तपासली तर चित्र छापील आकड्याहून निराळं दिसतं. न्यूयॉर्कच्या रहिवाशाला चार वर्षांच्या कॉलेजात वर्षाला ६,९३० डॉलर, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात ४,८००. गरीब घरातल्या मुलाला केंद्राची पेल ग्रँट अलीकडच्या वर्षांत ७,३९५ डॉलरपर्यंत मिळते, आणि ती परत करायची नसते. फी एवढ्यातच भागते. वर राज्य सरकारची मदत वेगळी. म्हणून अमेरिकेत जाणकार माणूस छापील फी विचारत नाही. मदत वजा जाता हातचे किती जातात ते विचारतो. तिथल्या शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी संकेतस्थळावर हा निव्वळ खर्च प्रत्येक कॉलेजासाठी दिलेला असतो, तोही घरच्या मिळकतीच्या पाच गटांप्रमाणे. तुमच्या घराची मिळकत तीस हजार डॉलरच्या आत असेल तर एक आकडा, एक लाख दहा हजारांच्या वर असेल तर दुसरा. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांचा खर्च किती वेगळा असू शकतो ते तिथे उघड दिसतं.

या हिशेबात एक मेख आहे. निव्वळ खर्चात खोलीचं भाडं, जेवण, पुस्तकं, प्रवास हेही धरलेलं असतं, आणि न्यूयॉर्कमध्ये खरं पोट कापतं ते भाडं. फी शून्यावर आली तरी क्वीन्स किंवा ब्रॉंक्समधल्या मुलाचं शिक्षण फुकट होत नाही. तो आईवडिलांकडे राहतो म्हणून जमतं, आणि बहुधा संध्याकाळी कुठेतरी कामाला जातो म्हणून. उलट कोलंबियाची वर्षाची फी पासष्ट हजार डॉलरच्या वर असली तरी तिथे प्रवेश मिळालेल्या गरीब मुलाला विद्यापीठ भरघोस मदत देतं. त्याची अडचण पैशाची उरत नाही. त्याला तिथवर पोचणंच दुरापास्त असतं.

प्रवेशाचा प्रश्न इथे येतो. अमेरिकेतल्या नामांकित क्रमवारीत कितीतरी वर्षं कॉलेजने किती अर्ज नाकारले याला गुण होते. २०१८ मध्ये तो निकष काढला. आपल्याकडे कटऑफ जितका वर तितकं कॉलेज चांगलं, हा समज त्याचाच भाऊ. १९६९ मध्ये सिटी कॉलेजच्या काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी कॅम्पसचा एक भाग ताब्यात घेऊन विचारलं की, हार्लेमच्या मधोमध उभ्या असलेल्या या कॉलेजात हार्लेमची मुलं इतकी थोडी का? दुसऱ्याच वर्षी, १९७० मध्ये, विद्यापीठाने जाहीर केलं: शहरातल्या शाळेतून पास झालेल्या प्रत्येकाला आमच्या कोणत्या ना कोणत्या कॉलेजात जागा मिळेल. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची संख्या एका वर्षात पाऊणपट वाढली. वर्ग मिळेल तिथे भरवावे लागले. दर्जा बुडाला, अशी ओरड झाली, आणि ती पुढे तीस वर्षं चालू राहिली. १९९९ मध्ये चार वर्षांच्या कॉलेजांतून कच्च्या विद्यार्थ्यांचे पूर्वतयारीचे वर्ग बंद करण्याचा निर्णय झाला.

ओरड करणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. आत घेतलेली मुलं बाहेर डिग्री घेऊन पडत नव्हती. कम्युनिटी कॉलेजांत तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांतही पुरा न करणारेच बहुसंख्य. मग २००७ मध्ये विद्यापीठाने असाप नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याची परीक्षा औषधांची घेतात तशी घेतली गेली: तीन कम्युनिटी कॉलेजांतल्या ८९६ गरीब आणि कच्च्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला कार्यक्रमात घ्यायचं आणि कुणाला नेहमीच्याच वाटेने जाऊ द्यायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं.

या कार्यक्रमात होतं काय? पूर्णवेळ शिकायची अट. पुस्तकं फुकट. फीत तूट राहिली तर ती भरून देणार. मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा एक सल्लागार, ज्याला वारंवार भेटावंच लागे. आणि दर महिन्याला मेट्रोकार्ड, म्हणजे बस आणि भुयारी रेल्वेचा महिन्याचा पास. हा पास सल्लागाराला भेटणाऱ्या, शिकवणीला हजर राहणाऱ्या मुलांनाच मिळे. मला या योजनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते. ज्याच्या घरात महिन्याचा पास ही मोठी रक्कम आहे तो पास घ्यायला येतोच, आणि आला की गणितात का अडलं, कामाच्या वेळा का बदलल्या, आई आजारी आहे का, हे सगळं त्या टेबलाशी बोललं जातं. तीन वर्षांनी निकाल आला. नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी २२ टक्के पदवीपर्यंत पोचले होते, कार्यक्रमातले ४० टक्के. जवळजवळ दुप्पट! दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, पण पार पोचणारे इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. कच्ची मुलं शिकूच शकत नाहीत, हे विधान अशा प्रयोगानंतर कुणी करू नये.

कमाईचे आकडे वाचताना जरा डोळसपणा हवा. स्कोअरकार्डवर दिसते ती कॉलेजात पाऊल टाकल्यापासून दहा वर्षांनंतरची मधली कमाई. सगळ्यांची मिळकत चढत्या क्रमाने लावली की बरोबर मध्यावर उभ्या असलेल्याची. एखाद्या अब्जाधीशाने ती फुगत नाही, हा तिचा गुण. पण तिच्यात केंद्राची आर्थिक मदत घेतलेलेच विद्यार्थी धरतात, आणि त्या वेळी काहीच न कमावणारे वगळतात. इंजिनिअरिंगची मुलं जास्त असलेलं कॉलेज नर्सरीच्या शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजपेक्षा वर दिसणार, न्यूयॉर्कमधलं खेड्यातल्यापेक्षा वर दिसणार. चेट्टींच्या गुणाकारालाही मर्यादा आहे आणि ती त्यांनी स्वतःच सांगितली आहे: मूल वर गेलं ते कॉलेजमुळे, की जिद्दीचीच मुलं तिथे येतात म्हणून, हे तो गुणाकार सांगू शकत नाही. स्थलांतरितांच्या घरांत शिक्षणाची ओढ किती असते, हे आखाती देशांत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना वेगळं सांगायला नको.

तरीही त्या अभ्यासातला एक निष्कर्ष मला फार आशेचा वाटतो. देशभराचा विचार केला तर श्रीमंताचं मूल आणि गरिबाचं मूल यांच्या पुढच्या मिळकतीत मोठी दरी असते. पण एकाच कॉलेजात शिकलेल्या श्रीमंत आणि गरीब मुलांची तुलना केली तर ती दरी बरीचशी बुजलेली दिसते. एकदा दारातून आत आलेलं गरिबाचं मूल शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या जवळपास पोचतं. त्याच्या जोडीला एक काळजीची गोष्टही त्याच कागदांत आहे: ज्या कॉलेजांचा गुणाकार सर्वांत मोठा, नेमकं तिथेच २००० नंतरच्या दशकात तळातल्या मुलांचं प्रमाण घटत गेलं.

आपल्याकडे अशी तीन कागदांची जोडणी झालेली नाही. कॉलेजांच्या जाहिरातींत सर्वाधिक पॅकेज मोठ्या अक्षरांत असतं, आणि ते एकाच मुलाचं असतं. पण २०१६ पासून केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था जी माहिती भरतात, ती त्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. नोकरी लागलेल्यांचा मधला पगार, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांची संख्या, पूर्ण फी माफी मिळालेल्यांची संख्या, सगळं तिथे आहे. पगार लागलेल्यांचाच आहे आणि माहिती संस्थेनेच दिलेली आहे, हे लक्षात ठेवून दोन-तीन कॉलेजांची ती पानं शेजारी ठेवून वाचावीत, असं मी दहावी-बारावीच्या पालकांना आवर्जून सांगेन.

चौतिसाव्या वर्षी थांबणाऱ्या या सगळ्या मोजमापांना न दिसणारी एक गोष्ट न्यूयॉर्कमध्येच दोन समाजशास्त्रज्ञांनी शोधली. पॉल ॲटवेल आणि डेव्हिड लॅविन. मुक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्षांत, १९७० ते १९७२ मध्ये, सिटी युनिव्हर्सिटीत आलेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांना त्यांनी तीस वर्षांनी पुन्हा गाठलं आणि २००७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ठरल्या वेळेत डिग्री न मिळाल्याने ज्या आकडेवारीत नापास ठरल्या होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणी लग्न, बाळंतपण, नोकरी सांभाळत पुन्हा पुन्हा वर्गात आल्या होत्या. कुणाला दहा वर्षं लागली, कुणाला त्याहून जास्त. शेवटी सत्तर टक्क्यांहून जास्त जणींनी कोणती ना कोणती पदवी घेतलीच. मग त्यांच्या मुलांकडे पाहिलं. शिकलेल्या आईच्या घरात मुलांना पुस्तकं वाचून दाखवली जात होती, म्युझियमला नेलं जात होतं, शाळेत काय चाललंय याची चौकशी होत होती. घरची पार्श्वभूमी हिशेबात धरल्यावरही ही मुलं शाळेत पुढे होती आणि कॉलेजपर्यंत पोचण्याची त्यांची शक्यता जास्त होती. मुक्त प्रवेशाआधीच्या, १९६९ च्या नियमाने या मुलांतल्या कित्येकांच्या आयांना चार वर्षांच्या कॉलेजच्या दारातूनच परत पाठवलं असतं.